हे शरीर कोणाच्या कामासाठी?



बीड जिल्ह्यातील धारूर हे किल्ल्याचे गाव. बालाघाटच्या डोंगरात वसलेला हा तालुका. येथे पीक पावसावर आणि पोट पिकावर. दसरा-दिवाळी सरली की येथल्या वाड्या, वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसे बायकापोरांसह निघतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या साखर कारखान्यांचा रस्ता धरतात. पुढचे पाच-सहा महिने उसाचा फड हेच त्यांचे गाव आणि कोपी हेच त्यांचे घर.

निघण्यापूर्वी कशाकशाची तपासणी होते ते आठवून पाहा. कोयत्याला धार लावून घेतात. गाडीचे टायर पाहतात. बैल असेल तर त्याचा खूर उचलून पाहतात आणि नाल ठोकून घेतात, कारण ऐन हंगामात बैल लंगडला तर सारेच बुडाले. हे शहाणपणाचे आहे. दुखणे येण्यापूर्वी त्याची वाट बंद करावी हे आपल्या अडाणी म्हटलेल्या माणसालाही उत्तम कळते. पण जी माउली रोज पहाटे तीनला उठणार, दिवसभर वाकून ऊस गोळा करणार, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणार, तिच्या अंगात रक्त किती आहे, तिचा रक्तदाब किती आहे, तिला आत काही दुखते-खुपते काय, हे निघण्यापूर्वी कोणी पाहते काय? तिने स्वतः तरी पाहिले काय?

बैलाचा खूर पाहिला जातो आणि आईची नाडी पाहिली जात नाही. वाचकहो, असे का व्हावे, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, हे अज्ञान आहे. कोणी म्हणेल, ही गरिबी आहे. दोन्ही खरे, पण अपुरे. अज्ञान म्हणावे तर खुराचे ज्ञान आहेच की! गरिबी म्हणावे तर सरकारी उपकेंद्रातील तपासणीला पैसा पडत नाही. याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती धम्माच्या प्रांतातली आहे. माणूस कशाची काळजी आधीपासून घेतो? ज्याच्याकडून पुढे काही काम व्हायचे आहे, त्याची. बैलाकडून हंगाम पार पडायचा आहे हे आपण मनाशी पक्के धरलेले असते. स्वतःविषयी मात्र आपण असे काही धरलेले नसते. मी कशासाठी जगायचे, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, तो दुखणे अंगावर काढतो. आणि हजारो वर्षे आपल्याला हे उत्तर मिळू दिले गेले नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पूर्वी आपल्या घरी दुखण्यावर उपाय नव्हता असे नाही. मरीआईला नवस होता, देवऋषी होता, अंगारा होता, गंडादोरा होता. मूल आजारी पडू नये म्हणून आधीच नवस बोलला जाई. म्हणजे पुढचा विचार होता, पण तो भीतीच्या पोटी होता, आणि त्याचा रोगाशी काही संबंध नव्हता. त्याच्या जोडीला पूर्वजन्मीच्या पापाची शिकवण होती. रोग हा आपल्या कर्माचा भोग, तो निमूटपणे भोगावा! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला या जोखडातून सोडविले. ज्यांनी त्या दिवशी दीक्षा घेतली त्यांच्या घरांतून आणि ज्यांनी आता अलीकडे घेतली त्यांच्याही घरांतून अंगारा गेला, ही मोठी गोष्ट झाली. पण मी विचारतो, अंगाऱ्याच्या जागी काय आले? आपण नवस सोडला, पण तपासणी धरली नाही. जागा रिकामीच राहिली. रिकाम्या जागेत जुने लोक परत येऊन बसतात, हे ध्यानात ठेवा. मूल तापाने फणफणले की रात्री गुपचूप कोणाकडे तरी जाणारी पावले नव्या बौद्ध घरांतूनही निघतात. ती पावले दोषी नाहीत, ती घाबरलेली आहेत.

तथागतांनी या बाबतीत काय सांगितले? संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणसाला जे काही सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय, असे त्याने विचारले. तथागतांनी त्याला पित्त, कफ, वायू, ऋतूंचा पालट, चुकीचे वागणे, आघात अशी कारणे एकेक करून सांगितली, आणि सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जाऊन बोलतात असा निर्वाळा दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगितले गेले! रोगाला कारण असते, कारण असते म्हणून ते शोधता येते, आणि शोधता येते म्हणून ते आधीच रोखता येते. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द उच्चारायला अवघड वाटेल, पण कोपीभोवती साचलेल्या डबक्यात डास होतात आणि डासांमुळे हिवताप होतो, हे ज्याला समजले त्याला त्या शब्दाचा पहिला धडा समजला.

आता एक शंका घेतली जाईल. नव्याने धम्मात आलेला तरुण मला विचारील, “धम्म तर सांगतो की शरीर अनित्य आहे. जे टिकणारच नाही, त्याची एवढी उठाठेव कशाला?” शंका योग्य आहे, आणि नेमकी हीच शंका मिलिंद राजाने घेतली होती. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा आणि नागसेन हे थोर भिक्खू. त्या दोघांच्या संवादाचा ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय काढले त्याला मिलिंदाचे नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनाचे. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून किती मुले तेथे शिकून मोठी झाली! प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, अशी ती दोन नावे शेजारी शेजारी आहेत.

मिलिंदाने विचारले की प्रव्रजितांना शरीर प्रिय असते काय, आणि नसेल तर ते त्याला का जपतात. नागसेनांनी उलट विचारले की महाराज, लढाईत आपल्याला कधी बाण लागला आहे काय? राजा म्हणाला, लागला आहे. त्या जखमेला लेप लावला, तेल लावले, मऊ कापडाची पट्टी बांधली, ती काय जखम प्रिय होती म्हणून? राजा म्हणाला, नाही, जखम भरून यावी म्हणून. तसेच शरीराचे आहे, असे नागसेनांनी समजावले. प्रव्रजित शरीर जपतात ते त्याच्या मोहाने नव्हे. पुढे जे जीवन आचरायचे आहे त्याला शरीराचा आधार हवा म्हणून.

पाहा, किती सरळ उत्तर आहे! शरीराचे लाड नकोत आणि हेळसांडही नको. काम आहे म्हणून शरीर जपायचे. ज्याच्यापुढे काम आहे तो पट्टी बांधून घेतो. ज्याच्यापुढे काही नाही तो जखम वाहू देतो.

हे केवळ जुन्या ग्रंथातले बोलणे नव्हे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या ७,१६८ माणसांचा सहा वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. माझ्या जगण्याला काही हेतू आहे असे ज्यांना अधिक ठामपणे वाटत होते, ती माणसे आजारी नसतानाही तपासण्या अधिक करून घेत होती. रक्तातील कोलेस्टेरॉल, स्त्रियांच्या स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी, अशा त्या तपासण्या. आणि रुग्णालयात काढाव्या लागलेल्या त्यांच्या रात्रीही कमी होत्या. अशा अभ्यासातून दोन गोष्टी बरोबर चालतात एवढेच दिसते, एकीमुळेच दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. शिवाय तो देश श्रीमंत आहे. तरीही नागसेन जे म्हणाले त्याच दिशेने हे बोट दाखविते.

येथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण धारूरची एखादी माउली उठून मला म्हणेल, “दादा, मला हेतू नाही असं कोण म्हणतं? माझी लेकरं आहेत. त्यांच्या शाळेसाठी, पोरीच्या लग्नासाठी, उचल फेडण्यासाठीच मी मरमर मरते. म्हणूनच तर दवाखान्यात जायला मला वेळ नाही.”

भगिनींनो, या बोलण्यापुढे वरचे सारे तत्त्वज्ञान लटके पडते, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. तिच्यापाशी हेतू आहे, आणि त्याच हेतूपायी ती आपले दुखणे अंगावर काढते. मग आपला सिद्धांत चुकला काय? चुकला नाही, पण अर्धा होता. मिलिंद राजाची लढाई त्याची स्वतःची होती. पट्टी बांधून उठल्यावर तो आपल्याच राज्यासाठी उभा राहणार होता. फडातल्या बाईची लढाई कोणाची आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ऊसतोडीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. तोडणारा एक आणि गोळा करून मोळी बांधणारी दुसरी, दोघांची मिळून एक उचल, एक हिशेब. म्हणजे हिशेबात बाई माणूस नाही, ती अर्धा कोयता आहे. एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या चार दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी, ना विसावा. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. मग कोणी तरी सांगते, “पिशवी काढून टाक, पुन्हा कटकट नाही.” दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते, आणि तिशीतली, पस्तिशीतली बाई गर्भाशय काढून येते.

याला पुरावा आहे. बीड जिल्ह्यातील या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साऱ्या देशाचे प्रमाण, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत, शंभरात सुमारे तीन होते. शस्त्रक्रिया कधी कधी खरोखरच अटळ असते, हे मी नाकारीत नाही. पण एका धंद्यातील बायकांना ती अशी पाचपट अटळ कशी होते? आणि लहान वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले तर हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, हृदयविकाराचा धोका वाढतो. दुखणे संपविण्यासाठी गेलेली बाई दुसरी दुखणी घेऊन येते, वर कर्ज होते, आणि कर्ज फेडायला पुन्हा फडात जाते.

आता नीट विचार करा. ‘पुढे त्रास होऊ नये म्हणून आधीच उपाय’ हेच तर प्रतिबंधाचे लक्षण ना? मग पिशवी काढणे हाही एक प्रतिबंधच झाला! होय, झाला. पण कशाचा प्रतिबंध? रोगाचा नव्हे, खाड्याचा. बैलाला नाल ठोकावी तसा. उपाय तिच्या शरीरावर झाला आणि हेतू हंगामाचा होता. म्हणून नुसता ‘हेतू असावा’ एवढे म्हणून भागत नाही. ज्या हेतूने माझे शरीर जपले जाते किंवा कापले जाते, तो माझा आहे काय, हे विचारले पाहिजे. मी साधन आहे की माणूस आहे? गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव झाली पाहिजे, या शिकवणीवरच आपली सारी चळवळ उभी आहे. तो प्रश्न दवाखान्याच्या दारातही विचारावा लागतो.

ज्या आईने आपले सारे जगणे लेकरांसाठी ठेवले आहे तिला मी हे सांगेन. तुझा हेतू थोर आहे. फक्त त्या हेतूत तू स्वतःला मोजलेले नाहीस. लेकरांना शिकायला दहा वर्षे लागतील, तर तुला दहा वर्षे उभे राहायचे आहे. धम्मात मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करतात. मी सुखी होवो म्हणून मग सर्व प्राणी सुखी होवोत. स्वतःला वगळून केलेली मैत्री ही करुणा नव्हे. तीत आपण कमी प्रतीचे आहोत हा जुनाच समज लपलेला असतो.

कोणी बाबासाहेबांचे उदाहरण पुढे करील. त्यांनी झोप नाही पाहिली, प्रकृती नाही पाहिली, समाजासाठी देह झिजविला. खरे आहे. पण तेवढेच सांगणे अर्धे चरित्र सांगणे होय. १९४७-४८ साली घटनेचे काम चालू असताना मधुमेहाने व मज्जातंतूंच्या दुखण्याने ते बेजार झाले, तेव्हा त्यांनी मुंबईला डॉ. मालवणकरांकडे उपचार घेतले. मुंबईतच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली. काम पुरे व्हायचे होते म्हणून त्या महापुरुषाने इलाज करून घेतला. आणि रमाईंचे दुःख त्यांनी पाहिले होते. चार अपत्ये बालवयात गेली आणि २७ मे १९३५ रोजी रमाई दीर्घ आजारानंतर गेल्या. आपल्या घरात माणसे किती स्वस्तात मरतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे मांडले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाचा त्यांचा ठराव पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला. मूल झाल्यावर, बाई खंगल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी विचार करा, हेच त्यात होते. त्यागाचा अर्थ हेळसांड असा लावून आपण त्यांच्या नावाने आपल्या आळसाला आणि आपल्या नवरेपणाला आसरा देऊ नये.

“आमच्या बायका तपासणीला येतच नाहीत” असे म्हणणाऱ्यांना शेजारच्या जिल्ह्याचे उत्तर आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. तेथील खेड्यांत १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते, आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. घरोघरी जाऊन समजावल्यावर बोलावलेल्यांपैकी दहांतील जवळजवळ आठ जणी आल्या! कोरडवाहू खेड्यांतल्याच त्या बाया. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. याच प्रयोगात तुलनेसाठी एका गटाची तपासणी केली नव्हती, आणि त्यावर पुढे नीतीचे आक्षेप घेतले गेले. ते आक्षेपही विसरू नका. माणूस साधन की साध्य, हा प्रश्न विज्ञानाच्या दारातही उभाच राहतो. पण मुख्य गोष्ट ही की बाई येते. कोणी तिच्या उंबऱ्यावर जाऊन ‘तू मोलाची आहेस’ असे सांगितले की ती येते.

म्हणून हेतूच्या गोष्टी सांगून शासनाला मोकळे सोडायचे नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. त्याचा बैल हरवला होता. तो शोधून उपाशीपोटी तो तथागतांच्या सभेला पोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच उपदेश सुरू केला. भुकेल्या पोटाला धम्म सांगू नये, हा त्याचा अर्थ. ज्या फडाजवळ दवाखाना नाही, ज्या बाईला बाळंतपणाची रजा नाही, तिला ‘जगण्याचा हेतू शोध’ म्हणून सांगणे ही थट्टा होईल. टोळी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी, फडावर पाणी व आडोसा, खाड्याच्या दंडाला बंदी, हे आपण हक्काने मागितले पाहिजे. पण मागणार कोण? ज्याला आपल्या जिवाची किंमत कळली तोच. बैल कधी मागणी करीत नाही.

तेव्हा यंदा एवढे करा. वर्षावासाच्या दिवसांत विहारात वंदना झाली की पंधरा मिनिटे याच कामासाठी ठेवा. या हंगामात कोण कोण जाणार त्यांची यादी करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करण्याची योजना आहे. आशाताईला विचारून दिवस ठरवा आणि पाच-दहा जणी मिळून जा. गरोदर स्त्रियांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी असते. पोरांच्या लसीचे कार्ड कोयत्याबरोबर गाठोड्यात बांधा. कोणी पिशवी काढायला सांगितले तर ‘का?’ विचारा, कागद मागा, आणि अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. आणि पुरुषांनो, तिच्याबरोबर तुम्ही जा. त्या दिवशी चूल तुम्ही पेटवा. दारू सोडण्याची प्रतिज्ञा तुम्ही घेतली आहे, ती पाळणे हाही तिच्या प्रकृतीवरचा मोठा उपाय आहे.

दसऱ्याला धारूरच्या रस्त्याला गाड्या लागतील. बैलाचा खूर पाहाल, तो पाहिलाच पाहिजे, तोही आपला सोबती आहे. पण खूर पाहून झाला की मान वर करा आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. तिला विचारा, “तुझी तपासणी झाली का?” आणि तिने, “मला काय धाड भरलीय?” असे म्हटले, तर सांगा की दुखते म्हणून जायचे नाही. आपल्याला अजून पुष्कळ जगायचे आहे, आणि ते आपल्यासाठी जगायचे आहे, म्हणून जायचे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!